भोंग्याची मुकी मोटार

भोंग्याला भोंगा कोणी म्हणायला सुरुवात केली, हे आता कुणालाच आठवत नाही, पण नाव चुकलं असंही कोणी म्हणणार नाही. तलावाच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणं-आणणं हा त्याचा धंदा. मागे सुकाणू धरून तो, पुढच्या टोकाला उतारूंकडे तोंड करून तिकिटं फाडणारी त्याची बायको, आणि दोघांच्या मध्ये होडीच्या पोटात एक डिझेल इंजिन. त्या इंजिनाला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारी सुरू झाली की काठावरच्या घरांच्या काचा थरथरायच्या. होडीत शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे, आणि तरीही त्याचं उत्तर एकच: "काय?"

असल्या गोंगाटात जन्म काढला की माणसाला सवयी लागतात. पहिली सवय खुणांची. बायकोने मूठ दाखवली की थांबा. तळवा हलवला की हळू. दोन बोटं खाली केली की पुढे गाळ आहे. आणि स्वतःचा कान ओढला की, "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" ही शेवटची खूण ती दिवसातून बरेचदा करायची. भोंग्याला वाटायचं, हिच्या कानाला खाज येते. संसार मात्र झकास चालला होता. भांडायचं म्हटलं तर आधी काठावर उतरायला हवं, आणि उतरेपर्यंत निम्मा राग वाऱ्यावर गेलेला असायचा.

दुसरी सवय भोंग्याची एकट्याची. सुकाणू हातात आलं की त्याचं तोंड सुटायचं ते पलीकडचा धक्का येईपर्यंत. होडीशी बोल, पाण्याशी बोल, वाऱ्याला शिव्या घाल, आणि उरलेला वेळ उतारूंचा समाचार. "या हेडमास्तर, या! आधी पोट चढू द्या, मग तुम्ही सावकाश या." "ही आली शिंपीणबाई. माप घेते एकाचं, शिवते दुसऱ्याचं, आणि घालायला लागतं तिसऱ्याला." हे सगळं मोठ्याने बरं का, अगदी खणखणीत! पण म्हातारीच्या धडधडाटात त्यातला एक शब्द कुणाच्या कानी पडेल तर शपथ. उतारूंना नुसते हलणारे ओठ दिसायचे. हेडमास्तर तर चारचौघांत सांगायचे, "काय श्रद्धाळू माणूस आहे हो! सुकाणू धरलं की प्रार्थना सुरू."

त्याचं एक वाक्य मात्र ठरलेलं होतं. धक्का जवळ आला की रोज, न चुकता तो ते म्हणायचा. ते काय, ते पुढे येईलच.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तलाव खात्याचा हुकूम आला. पाणी पिण्याचं आहे, त्यात तेलाचा थेंब चालणार नाही, सगळ्या होड्यांना विजेच्या मोटारी लावा. खात्याच्या निरीक्षक मॅडम येऊन चाचणी घेतील. होडी भरून न्यायची, वाटेत बॅटरी न भरता परत आणायची, आणि दोन्ही धक्क्यांना अलगद लावायची. जमलं तर परवाना, नाही जमलं तर फेरी दुसऱ्याला.  सुकाणू सोडून दुसरं काही हातात धरायचं म्हणजे त्याला जेवणाचा चमचासुद्धा परका वाटायचा. फेरी गेली असती तर हा माणूस काठावर बसून दुसऱ्याची होडी बघत झुरला असता, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.

बरं, अडचण म्हणावी तर घरात उपाय हजर. जावई! हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या असतात ना, वारा पडला की जागच्या जागी डुलत बसणाऱ्या, त्यांना विजेच्या मोटारी आणि बॅटऱ्या बसवायचं त्याचं काम. पोरगा गुणी, कामात चोख, फक्त बोलायला लागला की थांबायचा नाही. आता एका घरात दोन बोलणारे म्हणजे काय होतं, ते मी सांगायला नको.

चौघांनी मिळून म्हातारीला बाहेर काढलं तेव्हा भोंगा तोंड फिरवून उभा राहिला. जावयाने बाकांखाली बॅटऱ्यांच्या पेट्या बसवल्या, मागे मोटार लावली, सुकाणूलाच वेगाचं हँडल जोडलं आणि शेजारी किती टक्के बॅटरी उरली ते दाखवणारी पाटीएवढी काच बसवली. मग शिकवणी सुरू झाली. "बाबा, नीट ऐका. हँडल अर्ध्यावर ठेवायचं. अर्ध्यावर ही मोटार दिवसभर कुरकुर करणार नाही. पण शेवटचा जोर लावायला गेलात की वेग वाढतो चिमूटभर आणि बॅटरी संपते पसाभर."

"असं का," म्हणत भोंग्याने मान हलवली. तो म्हातारीचाच विचार करत होता.

पहिल्या फेरीला होडी गच्च भरली. जावई शेजारी बसला, त्याने कळ दाबली.

"मग? सुरू कधी करणार?" भोंग्याने विचारलं.

"झाली की."

"कुठे झाली? आवाज कुठाय?"

"नसतोच बाबा, आवाज."

भोंग्याचा विश्वास बसेना. म्हातारी खोकली तर गाळणीत कचरा, शिंकली तर पंपात हवा, हे त्याला झोपेतही कळायचं. आणि ही बया काही बोलतच नाही! जिवंत आहे का बघावं म्हणून त्याने हँडल पुरतं पिळलं. होडी दोरीला बांधलेलीच होती. तिने अशी उसळी मारली की हेडमास्तर शिंपीणबाईच्या पिशवीवर बसले. पिशवीत सुया होत्या. पुढचं काही बोलत नाही.

कशीबशी होडी निघाली. तलावाच्या मध्यावर आली, वारा पडलेला, पाणी संथ. भोंग्याच्या कानांत म्हातारीचा धडधडाट अजून घुमतच होता, जन्माची सवय ती. सुकाणू हातात होतं. तोंड सुटलं.

"बसले बघा हेडमास्तर, जसं काही होडीत कुणीतरी गाठोडं टाकलंय. सुया टोचल्या म्हणे! एवढ्या गादीतून आत पोचल्या तरी कशा? आणि शिंपीणबाईचं तोंड बघा. माझ्या सदऱ्याची एक बाही आखूड, एक लांब, आणि वर म्हणते, तुमचे हातच तसे आहेत."

 पुढे बायकोने कान ओढला. मग दुसरा कान ओढला. मग दोन्ही एकदम ओढले.

"हिला आज काय झालंय, कानात मुंगी गेली की काय? आणि हे आमचे जावईबापू! पोरीने पसंत केला म्हणून, नाहीतर याला मी होडीत नांगर म्हणूनसुद्धा घेतला नसता. नांगर निदान गप्प तरी बसतो!"

हे म्हणून त्याने वर पाहिलं. सगळी होडी त्याच्याकडे बघत होती. होडीच्या कडेला पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता, आणि तो स्वच्छ ऐकू येत होता. तेव्हा कुठे भोंग्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा! त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता होडी बुडावी आणि आपण तिच्याखाली जावं.

हेडमास्तर उतरताना एवढंच म्हणाले, "बरं झालं, तुमची प्रार्थना ऐकायला मिळाली." शिंपीणबाई पिशवी छातीशी धरून त्याच्याकडे न बघताच उतरली. जावयाने हत्यारांची पेटी उचलली. "येतो. नांगर पडलो, पावलं जरा जड पडतील," म्हणाला आणि निघाला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, त्यांच्या ताटातलं अन्न तसंच आहे. तुम्ही मोटारीला नाही, तोंडाला बॅटरी लावली आहे का? कधी संपतच नाही ती!"

बायकोने त्याच रात्री निकाल दिला. "चाचणी होईपर्यंत तोंड बंद. अगदी बंद. लोकांना दुखवलंत ते निस्तरता येईल, पण त्या मॅडमना काही बोललात तर फेरी गेलीच म्हणून समजा. तोंडात लिमलेटची गोळी ठेवायची आणि चोखत बसायचं."

"अगं पण..."

"गोळी!"

भोंग्याने गोळी ठेवली, आणि तिथून खरा घोळ सुरू झाला. या माणसाची जीभ आणि हात एकाच दोरीला बांधलेले. "ये गं बाई, ये, जरा डावीकडे, हां, आता वाऱ्याला पाठ दे," असं तोंडाने म्हटल्याशिवाय सुकाणू वळायचंच नाही. तोंड बंद झालं आणि ज्याने जन्मात धक्का चुकवला नाही तो माणूस होडी लव्हाळ्यात घालायला लागला. एकदा तर उलटी लावली, उतारू मागून उतरले. भरीला मोटार मुकी. चालतेय की नाही कळेना, म्हणून जिवाला घोर, म्हणून हँडल पिळ. बॅटरी दुपारीच धापा टाकायची. बायको पुढून तळवा हलवून थकली. बोललं तर अब्रू जाते, गप्प बसलं तर होडी जाते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये भोंगा गोळी चोखत बसलेला.

चाचणीचा दिवस उजाडला. मॅडम आल्या. बाई उंच, करड्या नजरेची, आणि डोक्यावर ही एवढी मोठी काठाची टोपी! टोपी बघताच भोंग्याच्या ओठांपर्यंत एक वाक्य आलं. त्याने पटकन दुसरी गोळी तोंडात टाकली. हेडमास्तर आणि शिंपीणबाई पण चढले. शाळा आणि दुकान पलीकडे, दुसरा रस्ता नाही, मग रागावून करतात काय? शेवटी जावई आला. मुलीने पाठवला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. तो त्या काचेशेजारी बसला आणि सासऱ्याकडे पाठ केली.

"जावईबापू, चहा घेऊन आलात ना?" भोंग्याच्या बायकोने मायेने विचारलं.

"नांगर चहा घेत नसतो, आई," जावई म्हणाला.

जाताना वारा पाठीमागून होता. सगळं ठीक वाटलं. वाटलं, कारण भोंग्याने भीतीपोटी हँडल शेवटपर्यंत पिळलेलं होतं, आणि जावई टक्के उतरताना बघत होता. सांगायचं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण नांगर बोलत नसतो ना! पलीकडच्या धक्क्याला होडी लागली, अलगद नव्हे, पण मॅडमनी फक्त भुवई उचलली. उतरायचं सोडून हेडमास्तर आणि शिंपीणबाई बसूनच राहिले. फजिती बघायची असेल तर एवढी संधी पुन्हा कोण देतो?

परतीला वारा समोरून आला, आणि चांगला जोरात आला. होडी कुथत कुथत निघाली. मध्यावर आली तेव्हा काचेवर तांबडा दिवा लुकलुकायला लागला.

"किती राहिलीय बॅटरी?" मॅडमनी विचारलं.

भोंग्याने गोळ्यांनी फुगलेल्या गालाने काचेकडे बोट दाखवलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. होडीचं नाक वाऱ्याने फिरत होतं, हात चाचपडत होते, आणि घर डोळ्यांसमोर असून लांब लांब चाललं होतं.

"नांगराने बोललेलं चालेल का?" जावयाला अखेर राहवलं नाही. "बाबा, हँडल अर्ध्यावर आणा! अशाने आपण लव्हाळ्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही!"

भोंग्याने हँडल कमी केलं, तशी होडी आडवीच व्हायला लागली. पुढून बायको सगळं बघत होती. या माणसाचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. त्या वल्ह्याएवढ्या मिशांखाली ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे बावरलेले.  ती ताडकन उभी राहिली.

"थुंका ती गोळी!" ती ओरडली. "थुंका, आणि बोला!"

भोंगा तिच्याकडे बघतच राहिला. "सगळं?"

"सगळं! परवाना गेला खड्ड्यात. माणसं घरी पोचवा!"

दोन्ही गोळ्या पाण्यात गेल्या, आणि बांध फुटला.

"ये गं माझे बाई, ये, घाबरलीस होय? वाऱ्याला नाक दे, हां, अशी! हेडमास्तर, ते पोट डाव्या बाजूला घ्या, होडी कलंडतेय. डाव्या म्हणतोय, शाळेत हेच शिकवता का? शिंपीणबाई, खाली वाका, आयुष्यात एकदा तरी बरोबर माप घ्या आणि वाऱ्याच्या खाली बसा! आणि मॅडम, ती टोपी उतरवा! टोपी आहे का घमेलं? आम्ही इकडे वाऱ्याशी झुंजतोय आणि तुम्ही डोक्यावर उलटं शीड उभारून बसलाय!"

मॅडमनी टोपी काढून मांडीखाली घातली. हेडमास्तर सरकले. शिंपीणबाई वाकली. होडी सरळ झाली. भोंग्याचा हात आपोआप सैल पडला, हँडल अर्ध्यावर स्थिरावलं, आणि डोंगराच्या आडोशाला जिथे वाऱ्याला धार नव्हती तिथून तो होडीला कडेकडेने घेऊन निघाला.

"जावईबापू, पुढे जाऊन बसा, मागे ओझं झालंय. म्हटलं होतं ना नांगर! नांगरच आहात तुम्ही. तुम्ही नसता तर आज मी वाहूनच गेलो असतो. अर्ध्यावर ठेवा म्हणत होतात, मी ऐकलं नाही. चुकलं माझं. आता घरी जाऊन पोटभर जेवा."

जावई पुढे जाताना तोंड लपवत होता. तो हसत होता, हे त्याच्या खांद्यांवरून सगळ्यांना कळलं.

धक्का जवळ आला. रोजच्यासारखी बायको पुढच्या टोकावर दोरी घेऊन उभी राहिली. आणि भोंग्याच्या तोंडून, जीभ सुटलेलीच होती म्हणून, ते रोजचं वाक्य तसंच्या तसं बाहेर पडलं.

"बघा, उठली. दोरी हातात घेऊन अशी उभी राहिली की अजून छातीत धस्स होतं, पहिल्या दिवशी झालं होतं तसं. एवढी सुंदर बाई, आणि माझ्या वाट्याला! पण हिला सांगणार कोण? सांगितलं तर म्हणेल, डोकं ठिकाणावर आहे का?"

 बायकोचा हात कानाकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. मग तिने पाठ वळवून दोरी फेकली. एवढ्या वर्षांत तिची दोरी खुंट्यावर पडली नाही असं कधी झालं नव्हतं. आज ती सरळ पाण्यात पडली. होडी मात्र धक्क्याला अशी टेकली की मध्ये अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं. काचेवर तांबडा दिवा अजून जळत होता. म्हणजे थोडी का होईना, बॅटरी शिल्लक होती.

मॅडम उतरल्या. टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली. भोंगा खाली मान घालून उभा होता.

"ही टोपी माझ्या सासूबाईंनी दिली आहे," मॅडम म्हणाल्या. "घमेलंच आहे ते. मला कुणाला तरी सांगायचं होतं." मग त्यांनी खाकरून आवाज कडक केला. "परवाना मिळेल. सगळ्या होड्यांत आम्ही पाटी लावतो, चालकाशी बोलू नये. तुमच्या होडीत वेगळी पाटी लावावी लागेल. चालकाला बोलू द्यावं."

हेडमास्तर हसत पोट धरून उतरले. शिंपीणबाई जाता जाता म्हणाली, "सदरा आणून द्या. बाही बघते." जावई मुलीला फोन लावत वर गेला, आणि त्याचं बोलणं सुरू झालं ते रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

होडीत दोघंच उरली. बायको ओली दोरी पिळत बसली होती. भोंग्याने विचारलं, "ते... शेवटचं. तुला ऐकू गेलं?"

"आज गेलं ऐकू. एरवी दिसायचं."

"दिसायचं म्हणजे?"

"अहो, दिवसभर तुमच्याकडे तोंड करून बसते मी. दुसरं बघायचं काय होतं? ओठ वाचता यायला लागले मला म्हातारी नवी होती तेव्हाच. हेडमास्तरांचं पोट, शिंपिणीची बाही, सगळं. मी उगीच का कान ओढत होते जन्मभर? वाटलं होतं, आवाज गेल्यावर तरी हा माणूस गप्प बसेल."

भोंगा मटकन खाली बसला. "आणि ते... धक्क्याजवळचं?"

"तेही. रोज."

"मग एकदासुद्धा काही बोलली नाहीस ती!"

"बोलत होते की. रोज उत्तर देत होते. दोरी टाकायला वळले की देत होते. तुम्हाला माझी पाठ दिसायची, आणि म्हातारी ओरडत असायची."

जन्मात पहिल्यांदा भोंग्याला शब्द सापडेना. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "काय... काय बोलायचीस?"

बायकोने वाकून त्या काचेकडे बघितलं. तांबडा दिवा लुकलुकत होता.

"आधी बॅटरी भरून आणा," ती म्हणाली. "एवढ्याशात संपायचं नाही ते."

भोंगा वायर घेऊन धक्क्यावर धावत सुटला.